ट्रोम्सो ते लाँगइयरबिएन: नकाशावर एवढं लांब, मग विमान पावणेदोन तासांच्या आत कसं पोचतं?

निफाडचा_निशाचर:

मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नॉर्वेला जायचं ठरतंय. आधी ट्रोम्सो, तिथून विमानाने स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरबिएन. सोबत बायको आणि माझे बाबा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. अंतर किती, वेळ किती आणि मधे थांबा कुठे, हे कळल्याशिवाय ते कुठलंही तिकीट काढू देत नाहीत.

काल त्यांनी फोनवरचा नकाशा उघडला, कागदाची पट्टी धरून खुणा केल्या आणि जाहीर केलं की हे अंतर मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट आहे. मुंबई-दिल्लीला दोन-सव्वादोन तास धरतात, तर इथे सहा तरी हवेत. वेळापत्रकात मात्र १ तास ४० मिनिटांच्या आसपास दिलंय. "छपाईतली गडबड असणार," इति बाबा.

म्हणून मी अंतर शोधायला बसलो, तर एके ठिकाणी ९५७, दुसरीकडे ५९५, तिसरीकडे ५१७. तिन्ही म्हणे अचूक.

तर खरं अंतर किती? विमान प्रत्यक्ष हवेत किती वेळ असतं? आणि परतीच्या दिवशी लाँगइयरबिएनहून निघून त्याच रात्री ऑस्लोहून मुंबईकडचं विमान पकडायचं, हे जमेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (तिथे उजेड कमीच आहे म्हणतात.)

---

खोचक:

उत्तरेला जायचं म्हणजे नकाशात वर जायचं. चढ आहे. वेळ जास्तच लागायला हवा, बाबांचं बरोबर आहे.

---

भूगोलाच्या_बाई:

बाबांची पट्टी बरोबर आहे, लबाडी नकाशाची आहे.

उकडीचा मोदक डोळ्यांसमोर आणा. खाली दोन कळ्यांमधे बोटभर जागा असते आणि शेंड्याकडे जाताना त्याच कळ्या एकमेकींना चिकटतात. रेखावृत्तांचं असंच असतं. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किमी. मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ किमी भरतो, ट्रोम्सोला ३९ आणि लाँगइयरबिएनला फक्त २३.

फोनवरचे बहुतेक सपाट नकाशे मर्केटरच्या पद्धतीचे असतात. १५६९ साली त्याने ती दर्यावर्दी लोकांसाठी बसवली, होकायंत्राची दिशा नकाशावर सरळ रेषेत यावी म्हणून. त्यात सगळी रेखावृत्तं समांतर उभी केलेली असतात. म्हणजे लाँगइयरबिएनचे २३ किमी ताणून विषुववृत्तावरच्या १११ इतके रुंद केले. आता आडवं ताणलं आणि उभं तसंच ठेवलं तर बेटांचे आकार चेपले जातील, म्हणून उभंही तेवढंच ताणायचं. ७४ अक्षांशाच्या आसपास हा ताण साडेतीन पटींच्या वर जातो. मुंबई-दिल्लीच्या पट्ट्यात तो सरासरी दहा टक्क्यांच्या आसपासच असतो.

आता हिशोब बघा. ट्रोम्सो-लाँगइयरबिएन खरं अंतर सुमारे ९६० किमी, नकाशावर ते दिसतं साधारण ३५०० किमीएवढं. मुंबई-दिल्ली खरं अंतर ११४० च्या आसपास, दिसतं १२५० एवढं. ३५०० भागिले १२५०, उत्तर २.८. बाबांना "जवळजवळ तिप्पट" आलं ते इथून. इतकं काटेकोर मोजणारा माणूस मला वर्गात क्वचितच मिळाला, त्यांना माझा नमस्कार सांगा.

म्हणजे प्रत्यक्षात हा प्रवास मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच आहे.

---

मिसळ_कट_जास्त:

बाई, मोदकावर धागा थांबवा. आज मंगळवार आहे आणि घरात नारळ नाही.

---

रनवे_सत्तावीस:

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. ९५७ किलोमीटर आहेत, ५९५ म्हणजे मैल (आपले जमिनीवरचे), आणि ५१७ म्हणजे सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किमीचा. विमानवाले सागरी मैलात बोलतात. अंतर एकच आहे, परदेशी संकेतस्थळं एकक बारीक अक्षरात लिहितात आणि आपण ते वाचत नाही.

आता वेळेचं. मी वैमानिक नाही, पण विमानांच्या वेळापत्रकाशी संबंधित कामात बरीच वर्षं काढली आहेत. छापलेली वेळ ही दारापासून दारापर्यंतची असते, म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुन्हा जागेवर लागलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीकडे जाणं, थांबणं, उतरल्यावर सरपटत येणं सगळं आलं. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला द्रव फवारतात, तो वेळही यातच.

बोइंग ७३७ साधारण ताशी ८३० किमीने जातं. ९६० ला तेवढ्याने भागलं तर ७० मिनिटं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-पंधरा मिनिटं मिळवा. हवेत साधारण १ तास २० मिनिटं, बाकी जमिनीवर. म्हणून १.४०.

मुंबई-दिल्ली १८० किमीच जास्त असून दोन तासांच्या वर का जातं, तर दोन्हीकडे रांग असते. मुंबईला धावपट्टीच्या तोंडाशी पाचसात विमानं पुढे उभी असणं रोजचंच. ट्रोम्सोला अशी रांग बघायला मिळत नाही.

---

हेकट_हेरंब:

बाई ९६० म्हणतात, धागाकर्ता ९५७ म्हणतो. तीन किलोमीटर कुठे गेले?

मी स्वतः काढून बघितलं. अक्षांशांतला फरक ८.५६ अंश. इतक्या उत्तरेला एक अंश अक्षांश १११.६ किमीचा, म्हणजे ९५५. रेखांशांतला फरक साडेतीन अंशांच्या जरा आत, तिथे सरासरी एक अंश ३१ किमीचा, म्हणजे १०६. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ९६१.

पृथ्वी अगदी गोल धरली की ९५७ येतात, आणि ध्रुवांपाशी चपटी आहे हे धरलं की ९६१. गंमत म्हणजे चपटी असल्यामुळे ध्रुवाकडे एक अंश अक्षांश लांब होतो, आखूड नाही. विषुववृत्तावर ११०.६, ध्रुवापाशी १११.७. पृष्ठभाग जेवढा सपाट तेवढं एक अंश वळायला जास्त चालावं लागतं. शाळेत हे कोणी सांगत नाही.

---

भूगोलाच्या_बाई:

हेरंबराव, शाळेत सांगतात. मागच्या बाकावर ऐकू येत नसेल.

---

वऱ्हाडी_ठेचा:

😂 बाई, जोरदार!

---

बर्गनची_सून:

मी नॉर्वेत राहते, या मार्गावर जाऊन आलेय, म्हणून कामाचं तेवढं सांगते.

स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातून सगळ्यांना ट्रोम्सोला खाली उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात त्याच जागेवर बसवतात. काही ठिकाणी प्रवासाची वेळ चार-साडेचार तास दिसते ती हीच, ऑस्लोपासूनची. सरळ ऑस्लो-लाँगइयरबिएन असेल तर तीन तासांच्या आसपास.

व्हिसा नीट बघा! स्वालबार्डला कोणालाच व्हिसा लागत नाही, भारतीयांनाही नाही. पण तिथे जायचा रस्ता नॉर्वेतून, म्हणजे शेंगेन व्हिसा हवाच. तुम्ही ट्रोम्सोहून वर गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि खाली आलात की पुन्हा आत. त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येताना अडकाल. दोन किंवा अनेक प्रवेशांचाच मागा.

आता एकाच दिवशी पुढचं विमान जोडण्याबद्दल. करू नका. एका वर्षी आम्ही वर जाऊन पोचलो, खाली धुकं, वैमानिकाने दोन घिरट्या घातल्या आणि परत ट्रोम्सो. तीन तासांहून जास्त उडून जिथून निघालो तिथेच उतरलो. दुसऱ्या दिवशी पोचलो. चिडचिड फक्त परदेशी पाहुण्यांची झाली, स्थानिक मंडळी निवांत विणकाम काढून बसली होती.

---

खोचक:

कापलेलं अंतर १९०० किमी, विस्थापन शून्य. अकरावीचं भौतिकशास्त्र.

---

रनवे_सत्तावीस:

सूनबाईंनी सांगितलं त्यामागचं कारण असं. दुसऱ्या बहुतेक मार्गांवर उतरता आलं नाही तर शेजारचा विमानतळ असतो. मुंबईला जमलं नाही तर अहमदाबाद, गोवा, हैदराबाद. लाँगइयरबिएनच्या शेजारी ७३७ ला पुरेल असं काहीच नाही. स्वालबार्डवरच्याच नी-ऑलेसुंड या छोट्या वस्तीची पट्टी आखूड आणि खडीची आहे. म्हणजे पर्यायी विमानतळ मुख्य भूमीवरच. म्हणून जाताना तिथपर्यंतचं इंधन, परत यायचं इंधन आणि वर राखीव, असं सगळं भरून निघतात. ९६० किमीच्या उड्डाणाला दुपटीची तयारी असते.

लाँगइयरबिएनचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला, कायम गोठलेल्या जमिनीवर. नियमित प्रवासी विमानं जातात अशा विमानतळांत जगातला सर्वांत उत्तरेचा. खालची जमीन उन्हाळ्यात वरवर वितळते, पुन्हा गोठते, पट्टी उंचसखल होते आणि डागडुजी चालूच राहते. हवामान तापतंय तसं ते काम वाढतंय. आणि फार थंडीत उंचीमापक खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, कारण थंड हवा दाट असते. बाजूला डोंगर असताना हे फार महत्त्वाचं. वैमानिकांना त्यासाठी तक्त्यातून दुरुस्ती करावी लागते.

---

शून्य_प्रहर:

डोंगरावरून आठवलं. ऑगस्ट १९९६ मधे मॉस्कोहून येणारं तुपोलेव्ह-१५४ लाँगइयरबिएनजवळच्या ऑपेरा डोंगरावर आदळलं होतं. १४१ माणसं गेली, कोणीही वाचलं नाही. नॉर्वेच्या भूमीवरचा तो सर्वांत मोठा विमान अपघात.

---

मिसळ_कट_जास्त:

अहो शून्य, एक माणूस म्हाताऱ्या वडिलांना घेऊन चाललाय. वेळकाळ?

---

निफाडचा_निशाचर:

असू दे. बाबा सगळं वाचतायत माझ्या खांद्यावरून. त्यांचं म्हणणं, रेल्वेत प्रत्येक अपघाताचा अहवाल वाचायची सवय आहे, लपवू नका. बाईंच्या नमस्कारावर खूश आहेत. आईने मोदकाची आठवण लिहून ठेवली आहे.

व्हिसाचं बरं सांगितलंत ताई, एजंटने एकाच प्रवेशाचा अर्ज भरला होता. आजच बदलायला सांगतो.

---

वऱ्हाडी_ठेचा:

माह्या मते दुर्गम उत्तर म्हणजे लेह. दिल्ली-लेह ६२० किमी, सव्वा तास, अन् खिडकीतून हिमालय दिसते. व्हिसा नाही, विणकाम नाही. कायले जाता तिकडं?

---

हेकट_हेरंब:

लेह ३४ अक्षांशावर आहे. ट्रोम्सो ६९ च्या पुढे. दुप्पट.

---

वऱ्हाडी_ठेचा:

उंची पाहा ना राजेहो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३२५६ मीटर. सकाळीच विमानं येतात, कारण दुपारी वारं सुटते अन् विरळ हवेत वजन उचलत नाही. तुमच्या लाँगइयरबिएनचा तर समुद्राच्या काठावरच आहे. अंतर कमी असून भानगड जास्त, हे लेहलाही लागू होते एवढंच म्हणणं आहे.

---

टोरोंटोचा_तात्या:

ठेचाभाऊंच्या मुद्द्यात दम आहे. अंतराचा आणि दुर्गमपणाचा संबंध जोडायला जाल तर फसाल. आमच्या कॅनडात नुनावुत प्रदेश बघा. पंचवीस वस्त्या, आणि एकीपासून दुसरीला जोडणारा रस्ता एकही नाही. ब्रेड, औषध, शिक्षक, शवपेटी, सगळं विमानाने. उन्हाळ्यात काही आठवडे जहाज.

इकालुइट ते रेझोल्यूट दीड हजार किमीच्या वर. भारतात एवढ्या अंतरात तीन राज्यं, चार भाषा आणि डझनभर विमानतळ येतील. इथे मधे बर्फ. खडीच्या धावपट्टीवर उतरता यावं म्हणून जुन्या ७३७-२०० ला पुढच्या चाकामागे खडी अडवणारी पट्टी लावलेली असायची आणि इंजिनाखाली हवेचा झोत, दगड आत ओढले जाऊ नयेत म्हणून. अर्ध्या भागात सामान, अर्ध्यात माणसं. आमच्या ऑफिसातला एक जण कामासाठी तिकडे जातो, तो म्हणतो शेजारी कुत्र्यांचे पिंजरे आणि दुधाचे खोके असतात.

तिथल्याच इकालुइटला २००६ मधे एअरबस ए-३८० थंडीच्या चाचणीला नेलं होतं. त्या गावातल्या सगळ्यांना एका विमानात बसवायला दहा-बारा फेऱ्या पुरल्या असत्या.

त्यापुढे ट्रोम्सो म्हणजे पुणे आहे हो. विद्यापीठ आहे, मोठं इस्पितळ आहे, ट्रॅफिकही आहे.

---

पेठेतला_एक:

पुण्याची तुलना कशाशीही करताना परवानगी घ्यावी.

---

अबोली_आणि_चहा:

या मार्गाचा इतिहास कोणीच कसा सांगितला नाही अजून?

रोआल आमुंडसेन. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला. तो गायब झाला तो याच वाटेवर. मे १९२८ मधे इटलीच्या उंबेर्टो नोबिलेचं 'इटालिया' हे वायूच्या फुग्यावर तरंगणारं हवाईजहाज ध्रुवावरून परतताना स्वालबार्डच्या ईशान्येला बर्फावर कोसळलं. दोन वर्षांपूर्वी, १९२६ मधे, हेच दोघं 'नॉर्गे' हवाईजहाजातून नी-ऑलेसुंडहून ध्रुवावरून अलास्कापर्यंत गेले होते, आणि नंतर श्रेय कोणाचं यावरून त्यांच्यात विस्तव जात नव्हता. तरी नोबिले अडकल्याचं कळल्यावर आमुंडसेन निघाला. १८ जून १९२८ ला ट्रोम्सोहून लॅथम ४७ ही समुद्रावर उतरणारी फ्रेंच विमाननौका उडाली, आत सहा माणसं. काही तासांनी संदेश बंद झाले. पुढे त्या विमानाचा पंखाखालचा एक तरंगता भाग उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ सापडला. माणसं कधीच सापडली नाहीत. नोबिले वाचला.

आज आपण १.४० ला वैतागतो आणि कॉफी गार आहे म्हणतो.

ट्रोम्सोच्या बंदराजवळ आमुंडसेनचा पुतळा आहे. निशाचरराव, बाबांना नक्की दाखवा. आणि नी-ऑलेसुंडला 'नॉर्गे' बांधून ठेवायचा लोखंडी खांब अजून उभा आहे, पण तिथे पर्यटकांना विमानाने जाता येत नाही, जहाजानेच.

---

वास्कोकार:

नी-ऑलेसुंडचं नाव निघालंय तर गोंयकाराने बोलायलाच हवं.

आमच्या वास्कोला, सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या मोहिमांची आखणी तिथून चालते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण आर्क्टिकचीही चालते. नी-ऑलेसुंडला १ जुलै २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे, आणि २०१४ मधे तिथल्या काँग्सफ्योर्डच्या पाण्यात 'इंडआर्क' नावाची उपकरणांची साखळी सोडली. तापमान, क्षारता वगैरे मोजते. तिकडचा बर्फ आणि आपला मान्सून यांचा संबंध शोधायचा खटाटोप.

माझा एक शेजारी तिथे जाऊन आला. दाबोळी, मग दिल्ली, मग युरोप, ऑस्लो, ट्रोम्सो, लाँगइयरबिएन. आणि शेवटचा टप्पा फक्त ११० किमीचा, पंचवीसेक मिनिटांचा. त्या टप्प्याला विमान कुठलं, तर डॉर्नियर २२८. हेच विमान आपलं एचएएल कानपूरला बनवतं आणि आमच्या दाबोळीवर नौदलाचं डॉर्नियर रोज डोक्यावरून जातं. तो म्हणाला, इतकं फिरून शेवटी घरच्याच पाखरात बसलो. छोटं विमान, त्यामुळे सामान मोजूनमापून. त्याच्या आईने दिलेली सुक्या बांगड्यांची पिशवी लाँगइयरबिएनलाच एकाला देऊन टाकावी लागली.

उतरल्यावर पहिली सूचना: फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद. तिथे दूरच्या खगोलीय रेडिओ लहरी टिपून पृथ्वीची हालचाल मोजणाऱ्या अँटेना आहेत, त्यांना आपल्या फोनचा गोंगाट चालत नाही. वीस किमीच्या परिसरात हा नियम.

---

पेठेतला_एक:

१ ते ४ असा नियम आमच्याकडे जुना आहे.

---

खोचक:

सुक्या बांगड्यांमुळे अस्वलं आली असती. बरं झालं सोडले.

---

टोरोंटोचा_तात्या:

वास्कोकार, छान माहिती. एक भर घालतो. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींसकट हिंदुस्थानच्या वतीनेही सही केलेली आहे. त्यामुळे तिथे येण्याजाण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क भारतीयांना शंभर वर्षांपासून आहे, कोणाच्या मेहेरबानीने नाही. सूनबाई म्हणाल्या ते व्हिसा नको प्रकरण याच व्यवस्थेतलं.

---

मळ्यातली_मंजुळा:

अवांतर: विमानतळावरून वर बघितलं की डोंगरात काँक्रीटचं एक पाचरीसारखं दार दिसतं म्हणतात. ती बियाण्यांची जागतिक तिजोरी, २००८ पासून चालू. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने तिथे आपली वाणं ठेवली आहेत. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. मला फार बरं वाटतं हे वाचून. इकडे बांधावर आम्ही तुरीवरच्या अळीशी झगडतोय, आणि तिकडे उणे अठरा अंशांत तूर शांत झोपलीय.

---

वऱ्हाडी_ठेचा:

तिथे तरी भाव पडत नसंन तुरीचा.

---

निफाडचा_निशाचर:

धागा कुठून कुठे गेला. मजा येतेय, पण मूळ प्रश्नातलं शेवटचं राहिलंच. बाबा विचारतायत की २४-२५ फेब्रुवारीला उजेड किती असेल? अंधारात जाऊन अंधारात यायचं असेल तर खिडकीकडची जागा मागायला जादा पैसे कशाला?

---

बर्गनची_सून:

पैसे द्या. ट्रोम्सोला सूर्य साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी क्षितिजाच्या वर येत नाही, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तिथे व्यवस्थित दिवस असेल, आठ-नऊ तासांचा. लाँगइयरबिएनला ही रात्र ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. तुमच्या तारखेला सूर्य क्षितिजावर आलेला असेल, पण गाव डोंगरांच्या कुशीत आहे, त्यामुळे गावात ऊन पोचतं थेट ८ मार्चला. त्या आठवड्यात तिथे उत्सव असतो, शाळेची मुलं चेहरे पिवळे रंगवून जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी उन्हाची वाट बघतात.

तुम्हाला ऊन नाही, पण दुपारी निळा-गुलाबी उजेड भरपूर मिळेल. माझ्या मते तो उन्हापेक्षा सुंदर. नवरा असहमत आहे.

---

हेकट_हेरंब:

विमानातून मात्र सूर्य दिसेल, आणि गावातल्यापेक्षा जास्त वेळ. अकरा किमी उंचीवरून क्षितिज तीन अंशांहून जास्त खाली जातं. दुपारचं विमान असेल तर सूर्य मागे दक्षिणेला, खाली ढग, आणि पुढे उत्तरेकडे निळसर आकाश. दीड तासात साडेआठ अंश वर जाताय, त्यामुळे सूर्य हळूहळू खाली खाली जाताना कळेल. ९६० किमी काय असतं ते पट्टीपेक्षा यावरून नीट समजेल बाबांना.

मधे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर ब्योर्नोया नावाचं बेट लागतं, जवळजवळ अर्ध्या वाटेवर. हवामान केंद्र आहे तिथे, तेवढीच माणसं. ढग नसतील तर दिसेल, पण बहुधा असतातच.

---

भूगोलाच्या_बाई:

हेरंबराव, हा प्रतिसाद मात्र मी फळ्यावर लिहून घेईन.

---

रनवे_सत्तावीस:

मूळ प्रश्नाचं एकत्र उत्तर देऊन टाकतो, बाबांसाठी रेल्वेच्या भाषेत. अंतर ९६० किमी. मधे थांबा नाही. दारापासून दारापर्यंत १ तास ४० मिनिटं, पैकी गाडी चालू साधारण १ तास २०. सरासरी वेग, छापलेल्या वेळेवर धरला तर ताशी ५७५. समांतर मार्ग नाही, पुढचं स्टेशन बंद असेल तर गाडी सुटलेल्या स्टेशनवर परत. दोन्ही गावांची घड्याळं एकच, वेळ बदलावी लागत नाही.

आणि परतीला ऑस्लोत निदान एक रात्र मोकळी ठेवा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान न उडाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, पैसे बुडतात. एकाच तिकिटावर असेल तर पुढची सोय त्यांना करून द्यावी लागते, पण तिथून रोज हवी तेवढी विमानं नाहीत हे लक्षात ठेवा.

---

निफाडचा_निशाचर:

बाबांनी हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. "ताशी ५७५" खाली दोन रेघा मारल्यात. तिकिटाला मंजुरी मिळाली. ऑस्लोत एक रात्र वाढवली, तिन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घेतोय, व्हिसाचा अर्ज बदलला.

आता नवा तिढा. खिडकी एकच परवडतेय आणि माणसं तीन. डावीकडची घेऊ की उजवीकडची?

---

बर्गनची_सून:

दुपारी उत्तरेला जाताना मावळतीची बाजू डावीकडे. जाताना डावी घ्या, येताना उजवी. आणि बायकोला विचारून घ्या, वडिलांना नाही.

---

मिसळ_कट_जास्त:

वाचनखूण साठवली. विणकाम शिकायचा धागा आहे का कुठे?